पाण्याकडचं दार

ही गोष्ट रचलेली असती, तर मी शेवट बदलला असता. पण ही माझ्या नलिनीमावशीवर गुदरलेली आहे.

मे १९८८. चंदीगड, सेक्टर पंधरा. बंदची दुपार.

मावशी वास्तुकला शिकवायची. श्रीनगरच्या झेलमकाठच्या जुन्या घरांवर तिचा अभ्यास चालला होता. पुराच्या धास्तीनं उंच दगडी जोतं, भूकंपासाठी लाकडी सांगाडा, आणि दारं दोन.

"सड़क का दरवाज़ा मेहमान का, पानी का अपनों का," तिथल्या एका घराच्या मालकांनी, रघुनाथजींनी, तिला बजावलं होतं. "सब लौट न आएँ, तब तक उसकी कुंडी नहीं लगती, बेटी."

त्या दुपारी ती त्याच घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल करत होती. तिचे यजमान, श्रीनिवासकाका, डॉक्टर. रोपडकडे शिबिराला गेलेले, दोनला परतणार होते.

पाच वाजले. फोन मुका.

तेव्हा चंदीगडात सगळेच मागच्या गल्लीचं दार कडी घालून ठेवत. पंजाबातल्या अतिरेक्यांच्या भीतीनं जीव मुठीत धरून राहायचे दिवस ते! त्याच सवयीनं मावशीनं पुठ्ठ्याच्या घराचं नदीकडचं दार डिंकानं बंद करून टाकलं. तिच्या लक्षातही आलं नाही.

आणि मग...

चुबुक... चुबुक...

वल्ह्याचा आवाज. नळ तर सकाळपासून कोरडा होता.

मागच्या दारावर थाप पडली...

"नलू, उघड गं."

काकांचाच आवाज.

"अहो, किल्ली आहे ना तुमच्याकडे? पुढून या की!"

"पुढून नाही येता येत गं."

ओळखीच्या आवाजालाही दार उघडू नका, असं शेजारी रोज सांगायचे. तिचा हात कडीपर्यंत गेला... आणि मागे आला.

आणखी तीन थापा. मग वल्हं लांब लांब गेलं.

सातला पुढच्या दाराची घंटा वाजली. पोलीस होते. काका कालव्यात सापडले होते. दुपारी दोनच्या सुमारासच कुणीतरी त्यांना मारलं होतं. कुणी, ते आजवर कळलं नाही.

मावशी धावत मागे गेली. कडी काढली.

पायरी ओलीचिंब. तिच्यावर पुढच्या दाराची किल्ली.

मावशी आता साताऱ्याला असते. तिच्या मागच्या दाराला कडीच नाही. मागच्या महिन्यात मी विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?"

"त्या दिवशी वाटली," ती म्हणाली. "म्हणून तर ते बाहेर राहिले."

मी त्या घरी मुक्कामाला राहत नाही. मागची पायरी सकाळी कधीकधी ओली असते.