पाइपचं तोंड

बसा जरा. मशीनकडे पाठ करू नका.

माझा मोठा भाऊ डावखुरा. आम्ही दोघंही प्लंबर. नळाच्या आट्यांवर पांढरी टेप सगळे सुलटी गुंडाळतात, दादा उलटी. त्यावरून मी त्याची खूप टिंगल करायचो. पण एक गोष्ट त्याने मला शिकवली होती. कपडे धुण्याच्या मशीनची नळी सांडपाण्याच्या पाइपात नुसती सोडायची, तोंड कधी बंद करायचं नाही. वारा खेळला नाही, तर पाइप घाण पाणी उलटं ओढतो.

गेल्या महिन्यात दादा एका घरी मशीन बघायला म्हणून गेला, तो परतलाच नाही. त्या घरच्या बाईने सरळ कानावर हात ठेवले. "इथे कोणी आलं नाही."

परवा भर दुपारी तिनेच मला बोलावलं. कपड्यांचं पाणी भांड्यांच्या मशीनमध्ये चढतंय म्हणाली. मी लगेच निघालो. मला दादाचा माग काढायचा होता.

"चपला बाहेर. तोंड बंद ठेवून काम करा," ती म्हणाली.

मी मशीन पुढे ओढलं आणि थिजलो. पाइपच्या तोंडावर, आत सोडलेल्या नळीभोवती, टेपचे वीस-पंचवीस वेढे होते. सगळे उलटे!

"बाई, माझा भाऊ इथे आला होता."

"नाही आला. ती टेप काढा."

"हे त्याचंच काम आहे..."

"काढा म्हटलं ना!"

दादाने पाइपचं तोंड बंद केलं, म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं होतं. टराटरा टेप ओढली. पाइपने लांब श्वास आत घेतला. साबणाचा वास आला, आणि त्याखाली कुजका, गोडसर दुसरा. मग आतून टकटक झाली. दोनदा.

ही आमची खूण होती. एक जण वर, एक खाली असला, की दोन टकटक म्हणजे बंद कर. तीन म्हणजे सोड.

"दादा...?"

पुन्हा दोन. घाईघाईने.

बाई पहिल्यांदाच हसली. "गेलं एकदाचं माझ्या घरातून. आता निघा."

काय गेलं, ते मला घरी कळलं. त्या रात्रीपासून आमच्या मोरीतला पाइप श्वास घेतो. मशीनची वायर काढून ठेवली तरी घेतो. मी नळी काढली आणि तोंडावर टेप गुंडाळली, माझ्या पद्धतीने, सुलटी. काल सकाळी आतून तीन टकटक आल्या.

आईला आमच्या खुणा पाठ आहेत. ती धावत आली. "अरे, माझं लेकरू सोड म्हणतंय आणि तू काय बघत बसलायस?"

"आई, तो दादा नाही. दादा दोनच वाजवेल."

"आईला शिकवतोस?"

तिला शपथ घातली आणि कामावर गेलो. माझं चुकलं, जायला नको होतं. तासाभराने परत आलो, तर दाराला आतून कडी. फोडून आत शिरलो. आई घरात कुठेच नव्हती. तिचा चष्मा मशीनवर होता. माझी टेप फाटून खाली पडली होती, आणि पाइपच्या तोंडावर नवी टेप होती. उलटी गुंडाळलेली.

तेव्हापासून मी इथून हललो नाही. आतून तीन टकटक येतात... हळू, थकलेल्या. आणि प्रत्येक टकटकीबरोबर एक बांगडी वाजते.