आधी पाणी

मिरचीचा हंगाम सुरू झाला की नंदुरबारमधल्या माझ्या दवाखान्यात लाल डोळ्यांची रांग लागते. त्यांची मला काळजी वाटत नाही. मिरची झोंबते, रडवते आणि जाते. ॲसिडचं तसं नसतं. ते डोळ्यात उडालं की लोक आधी गाडी शोधतात, मग डॉक्टर, आणि पाणी कोणालाच सुचत नाही. हे सांगून सांगून माझा घसा बसला आहे.

त्या दुपारी माझा मदतनीस हेमकांत याला त्याच्या मोठ्या भावाचा, भूपेंद्रचा फोन आला. धानोऱ्याला त्यांची पपईची बाग आहे. ठिबकच्या नळ्यांची भोकं तुंबली की त्यांत पातळ केलेलं ॲसिड सोडतात. पाण्यात ॲसिड ओतायचं असतं. भूपेंद्रने घाईत ॲसिडमध्ये पाणी ओतलं आणि ते तोंडावर उसळलं.

हेमकांतचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, दादाला एकच डोळा आहे. उजवा. त्यातच गेलंय."

मी फोन हिसकावून घेतला. "पाणी कुठे आहे जवळ?"

"टाकी दूर शे," भूपेंद्र कण्हत म्हणाला. "माले काहीच दखास नही. लाईट गयी, मोटार बंद शे. मजूर निंघी गयात."

"कोणालाही हाक मारा. जोरात."

त्याने हाका मारल्या. मग तो एकदम गप्प झाला, आणि मला पाण्याची धार ऐकू आली.

"एक बाई उनी, बांगड्या वाजी ऱ्हायन्यात," तो म्हणाला. "पानी ओती ऱ्हायनी."

माझा जीव भांड्यात पडला. "आडवे व्हा, उजव्या कुशीवर. पापण्या बोटांनी उघड्या धरा, चोळू नका. आम्ही येईपर्यंत धार थांबवू नका म्हणावं. कोण आहे ती?"

"मालूम नही. ती बोलस नही."

फोन चालूच ठेवून आम्ही गाडीत बसलो. हेमकांत गाडी हाणत होता. वाटभर पाण्याचा आवाज येत होता. मधूनच भूपेंद्र कोणाला तरी अजिजीने सांगत होता, "तो नही बाई, तो नही." मला त्याचा अर्थ लागेना. वेदनेने बडबडत असेल, अशी मी माझी समजूत घातली. एका डोळ्याचा माणूस आंधळा झाला तर त्याला तोंड कसं दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गाडी बागेच्या बांधाला लागली तेव्हा आवाज थांबला.

भूपेंद्र झाडाखाली खाटेवर पडला होता. केस निथळत होते, खाटेखाली चिखल झाला होता. बाई नव्हती. हंडा, तांब्या, बादली, काहीच नव्हतं. पाण्याची टाकी पार बागेच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधली सगळी माती कोरडी होती.

मी आधी डोळा पाहिला. तपासणीची कागदी पट्टी उजव्या पापणीच्या आत टेकवली. आम्ल उरलं असतं तर ती तांबडी झाली असती. ती झाली नाही. बुबुळ स्वच्छ होतं.

"किती बोटं?"

"दोन."

हेमकांत तिथेच मातीत बसून रडू लागला.

"ती बाई कुठे गेली?" मी विचारलं.

"आते ते व्हती." भूपेंद्रने खाटेची कड चाचपली. "मॅडम, ती डावा डोयामाच जास्त पानी ओते. मन्हं तोंड फिराई दे. मी सांगं, तो डोया कव्हयनाच गया, त्याले आते काय धोवानं? तिनी आयकं नही."

डावं बुबुळ जुन्या डागाने पांढरं झालेलं होतं. ॲसिडचे शिंतोडे तिथेही उडाले असतील म्हणून मी तिथेही पट्टी लावली.

पट्टी निळी झाली.

मी दुसरी घेतली. तीही गडद निळी. ॲसिडने असं होत नाही, क्षाराने होतं.

"हा डोळा कशाने गेला होता?"

"चुनामुये," भूपेंद्र म्हणाला. "धाकला व्हतू मी. डबी फुटनी. मायनी तूप भरं अन् फडकं बांधी दिधं. पानी लागू दिधं नही."

हेमकांतचं रडणं थांबलं होतं. "आई आता नाही, मॅडम," तो हळूच म्हणाला.

मी सलाइनची बाटली उघडली आणि डावा डोळा धुवायला घेतला. दुसरं काय करणार?

"जळी ऱ्हायनं," भूपेंद्र म्हणाला. "डावामा."

मेलेल्या डोळ्यातून पांढुरकं पाणी गालावर उतरत होतं.

बाटली संपली. मी हात मागे घेतला.

डोळ्यावर पडणारी धार तुटली नाही.