सेफ्टी अण्णांची दाढी

दर सोमवारी सकाळी आठच्या आत बंगळूरजवळच्या बोम्मसंद्रातल्या, लोखंडी पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपला चार चौकटींची कॉमिक पट्टी पाठवायची, एवढंच माझं काम. चालू मशीनमध्ये हात घालू नये, हेल्मेट खुंटीला नाही तर डोक्याला घालावं, असले विषय. कंपनीला त्यातून स्वतःचा एक चेहराही हवा होता, पुढे कॅलेंडरवर छापायला. पुण्यात असताना मी हाताने चित्रं काढायचे. सर्जापूर रोडला राहायला आल्यापासून एआयला चित्रं काढायला सांगते आणि त्याने घातलेले गोंधळ निस्तरते. दमायला दोन्हीत सारखंच होतं.

"चेहरा आमच्यातल्या कुणाचाच नको बघा मॅडम. उगं भांडणं लागत्यात," सेफ्टी ऑफिसर महांतेश यांनी बजावलं होतं. म्हणून मी टूलला लिहिलं: पन्नाशीचा कामगार, निळा गणवेश, पिकलेली मिशी, दाढी गुळगुळीत. आलेल्यांतला एक माणूस निवडला आणि त्याला समोरून, बाजूने, मागून काढून घेतलं. दर वेळी टूलला हा नमुना दाखवायचा, म्हणजे माणूस बदलत नाही. त्याचं नाव ठेवलं सेफ्टी अण्णा.

माणूस बदलला नाही. पण दुसऱ्या आठवड्यात अण्णांच्या गालांवर खुंट आले. मी ते पुसले. तिसऱ्या आठवड्यात खुंट दाट झाले, चौथ्यात त्यांची दाढी झाली. सूचनेत ‘गुळगुळीत’ तीनदा लिहून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. शिवाय डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कायम अर्धीच यायची. त्याचं मला काही वाटलं नाही. बोटांच्या बाबतीत ही टूल्स अगदीच अडाणी असतात. रविवारची दुपार अण्णांची दाढी करण्यात आणि बोटं लावण्यात जायची.

सहाव्या रविवारी माझं अंग मोडून आलं होतं. दाढी तेवढी केली, बोटं राहून गेली. पट्टी तशीच नोटीस बोर्डवर लागली.

सोमवारी दुपारी महांतेश यांचा फोन आला. "मॅडम, स्वल्प येऊन जावा. आमच्या कँटीनच्या गंगव्वा हाईत, त्या बोर्डासमोरनं हलेनात."

मी गेले. कँटीनमध्ये जेवणं आटोपली होती, फरशी पुसून फिनाईलचा वास येत होता. गंगव्वा चिकोडीकडची, पंचेचाळीस-पन्नासची. कपाळाला ठसठशीत कुंकू. तिने मला बसायला स्टूल दिलं आणि बोर्डावरच्या हाताकडे बोट केलं.

"ह्यो आमच्या मालकांचा हात हाय."

हकिगत महांतेशनी सांगितली. तिचा नवरा ज्योतिबा इथेच प्रेसवर होता. दोन बोटं मशीनमध्ये गेली. बरा होऊन कामावर आला, आणि एका सकाळी डबा घेऊन घरातून निघाला तो इथे पोचलाच नाही. त्याला येत्या अमावास्येला बारा वर्षं पुरी होत होती. गावाकडे दिरांनी ठरवलं होतं की त्या दिवशी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचं असं करतात.

"माझ्या मनाला पटंना," गंगव्वा म्हणाली. "पर नको म्हणायला काय तर पायजे की हातात."

तिच्याकडे त्याचा एकच फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा. तरुण चेहरा, मिशी काळीभोर. मी तो बराच वेळ पाहिला. अण्णांना बारा वर्षं मागे नेलं असतं तर हाच माणूस झाला असता.

न पुसलेली चित्रं दाखवा म्हणून तिने हट्ट धरला. मी लॅपटॉप उघडला आणि सहाही आठवडे ओळीने लावले. ती एकेका हनुवटीवरून बोट फिरवत गेली. सहाव्या चित्रात दाढी पेरभर होती.

"मेलेल्या माणसाची दाढी वाढती का, अक्का?"

महांतेश खिडकीबाहेर बघू लागले.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. हजारो चेहरे घोटून मशीन एक चेहरा करतं. त्याला काही कळत नाही, काही दिसत नाही. बोटं तर ते सगळ्यांचीच चुकवतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण मला सहा वाजायच्या आत घरी निघायचं होतं, डोकं ठणकत होतं, आणि तिने काही तरी निर्णय घेऊन मला सोडावं असं वाटत होतं. याची मला आजही लाज वाटते.

"मग करू द्या म्हंता त्यास्नी?" तिने विचारलं.

"करू द्या," मी म्हणाले.

मधल्या रविवारी दाढी आणखी वाढलेली आली. मी ती पुसली आणि कुणाला काही बोलले नाही.

अमावास्या शुक्रवारी होती. कृष्णेच्या काठावर विधी झाला. महांतेशनी फोटो पाठवला, तो मी उघडला नाही.

त्या रविवारी नवी पट्टी काढली. दाढी आधीच्या आठवड्याएवढीच होती.

मोठं करून पाहिलं. डाव्या जबड्याखालचा एक पांढरा केस जिथे होता तिथेच होता. त्या दुपारी मी टूलकडून चाळीस चित्रं काढून घेतली. पावसातला अण्णा, हसणारा अण्णा, पाठमोरा वळून बघणारा अण्णा.

चाळीसही चित्रांत तीच दाढी. एक केस इकडचा तिकडे नाही.

आता दोन महिने होतील, दाढी तेवढीच आहे. मी दाढी पुसणं सोडून दिलंय. कंपनीला दाढीवाला अण्णा जास्त आवडला, कॅलेंडर छापायला गेलं. "आता कसं, एकदम फिक्स झाला बघा माणूस," महांतेश म्हणाले.

गंगव्वा आता कुंकू लावत नाही. बोर्डाकडेही बघत नाही, असं महांतेश सांगतात. पण रविवारी दुपारी, मी कामाला बसले की तिचा फोन येतो. इकडचं तिकडचं काही विचारत नाही.

"वाढली का, अक्का?"

मी पडद्याकडे बघते.

"स्वल्प," मी म्हणते.