ओदीलच्या वाइनमधली साखर

ओदील अव्हिन्यों शहरातल्या गुप्तहेर सिदोनीबाईंच्या कचेरीत शिरली ती न बसताच बोलू लागली. "माझ्या वाइनमध्ये साखर निघाली म्हणतात. आणि बाबा म्हणतात, ती मीच घातली."

सिदोनीबाईंनी तिला खुर्ची दिली. त्यांचा कामातला जोडीदार बार्नाबे मात्र बुचकळ्यात पडला. चिमूटभर साखरेपायी गुप्तहेर कशाला? पण तो उत्तरेचा, बिअरवर वाढलेला. ऱ्होन नदीकाठच्या द्राक्षमळेवाल्याला एक वेळ चोर म्हटलेलं चालेल, वाइनमध्ये साखर घालणारा म्हटलेलं नाही.

ग्रनाश, सिरा आणि मूर्वेद्र या तीन द्राक्षांचा मेळ ओदीलने यंदा पहिल्यांदाच एकटीने जमवला होता. वडिलांनी, म्हणजे फुल्क्राँनी, काल शेजारचे मळेवाले जेवायला बोलावले होते. वाइन पसंत पडली तर तळघराची किल्ली ओदीलची. आधी सूप झालं, मग मटणाबरोबर पेले भरले गेले. पहिल्याच घोटाला फुल्क्राँनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "साखर." पाहुण्यांनीही एकेक करून माना डोलावल्या. आता किल्ली फुल्क्राँच्या भाच्याकडे जाणार होती.

ओदीलच्या घरी पोचताच सिदोनीबाईंनी कालची अर्धी उरलेली बाटली मागून घेतली आणि बार्नाबेला घोटभर दिली.

"कोरडी आहे. जरा मिरीसारखी झोंबते," तो म्हणाला. "गोड कुठाय?"

बाईंनी बूच लावून बाटली आपल्या पिशवीत टाकली.

पेले भरले होते भाचा लाझारने. त्याच्यावर संशय घेणं सोपं होतं, आणि बार्नाबेने तो लगेच घेतलाही. लाझार वैतागला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाटल्या उघडल्या, मलाही ती गोडच लागली, असं त्याने शपथेवर सांगितलं. "आणि ओदीलताईची किल्ली घेऊन मी काय करू? मला तर शहरात जायचंय."

स्वयंपाकीण नोएमीबाई प्रश्नांपेक्षा वाढण्यात रमणारी. तिने बार्नाबेपुढे कालचं हिरवं सूप ठेवलं. आर्टिचोक या काटेरी भाजीची बोंडं उकडून, वाटून, वर साय. मालकांनी स्वतः टोपलीभर आणून दिली होती.

"पाहुण्यांनी वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या. मालकांनी तेवढं घेतलं नाही. दाढ दुखते म्हणाले. मग मटणाची हाडं मात्र चोखत बसले."

बार्नाबेने दोन वाट्या संपवल्या, वर पाणी प्यायला. "तुमच्या विहिरीचं पाणी काय गोड आहे हो!"

"गोड? आम्हा सगळ्यांना तर मचूळ लागतं," नोएमीबाई म्हणाली.

सिदोनीबाईंनी पिशवीतून तीच बाटली काढली आणि त्याच्यासाठी ओतली. बार्नाबेने घोट घेतला आणि त्याचं डोकं गरगरलं. वाइन गोड होती. बाटली तर बाईंच्या पिशवीतून हललीही नव्हती. मग साखर घातली कोणी? क्षणभर त्याला स्वतःचाच संशय आला.

जेवणघरात सगळे जमल्यावर बाईंनी उलगडा केला.

"साखर बाटलीत नव्हतीच. ती जिभेवर होती. आर्टिचोक खाल्ल्यावर बऱ्याच जणांना त्यामागून येणारं सगळं गोड लागतं, पाणीसुद्धा. सूपात वाटून घातलं की कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पाहुणे खोटं बोलले नाहीत. लाझारही नाही."

"मग सुटलं ना कोडं," बार्नाबे म्हणाला.

"अर्धंच. काल या टेबलावर एकच जीभ कोरी होती. दाढ दुखणारा माणूस सूप सोडून हाडं चोखत नाही. त्या कोऱ्या जिभेला वाइन कोरडीच लागली असणार. तरी 'साखर' हा शब्द पहिल्यांदा तिनेच उच्चारला."

सगळ्यांच्या नजरा फुल्क्राँकडे वळल्या. ते टेबलावरचे पावाचे कण गोळा करू लागले.

"वाइन चांगली होती," ते म्हणाले. "माझ्या वाइनहून चांगली. किल्ली दिल्यावर मला तळघरात कोण बोलावणार होतं, पोरी?"

ओदीलला रडू आलं, आणि रागही. काल चारचौघांत खाली घालावी लागलेली मान तिला आठवली. उरलेलं मटण तिने गरम केलं, वडिलांच्या पेल्यात वाइन ओतली आणि समोर हात पसरला. फुल्क्राँनी किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली.

"शेजाऱ्यांच्या घरोघर जाऊन खरं सांगायचं, तुम्ही स्वतः," ती म्हणाली. "आणि सोमवारी मूर्वेद्रचं पिंप चाखायला या. येताना सूप पिऊन येऊ नका."