एव्हर्ट नोरमार्कचा होकार

पटो न पटो, हे घडलेलं आहे.

मी सिवला बावीस वर्षं ओळखते. तिच्या हातचे दालचिनीचे पाव खाल्लेत, तिच्या अंगणात माझी पोरं बर्फात लोळून मोठी झालीत. बाई तोंडावर बोलेल, भांडेल, पण पदरचं काही सांगणार नाही. आणि भुताखेतांवर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

नव्हता, म्हणते मी.

साल २००९. जानेवारीचा तिसरा आठवडा. उत्तर स्वीडनमधलं आमचं तालसेले. अशा गोष्टी रात्री घडतात म्हणतात, पण ही दुपारची आहे. दोन वाजून चाळीस मिनिटं. जानेवारीत आमच्याकडे तेव्हा अंधारच असतो म्हणा.

सिव हेडलुंड चोवीस वर्षं इस्पितळात नर्स होती. हाडांच्या वॉर्डात. म्हातारी माणसं उचलून उचलून तिची कंबर गेली. त्यातच वॉर्ड बंद व्हायची बातमी आली.

तेव्हा मोना म्हणाली, "माझ्याकडे ये. फोनवर."

मोना तिची वॉर्डातली जोडीदारीण. वीस वर्षं एकत्र पाळ्या केलेल्या. ती वर्षभर आधीच फोनवरून सल्ला देण्याच्या कामाला लागली होती. लोक फोन करतात, दुखणं सांगतात. नर्स विचारते, ऐकते आणि ठरवते. घरी थांब, दवाखान्यात जा, की रुग्णवाहिका पाठवू.

"उभं राहून पाय सुजवलेस," मोना हसली, "आता बसून कान सुजव."

सिव गेली. शिकली. पण मन लागेना. वॉर्डात माणूस दारातून आत आला की तिला कळायचं, हा किती आजारी आहे ते. इथे ना रंग दिसतो, ना घाम. नुसता आवाज.

शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "प्रश्न विचार आणि गप्प बस. उत्तराची वाट बघ. शांततेतही पुष्कळ ऐकू येतं."

आणखी एक सवय जाता जाईना. कॉम्प्युटरला प्रत्येकीचं आपलं कार्ड. कार्ड आत असलं की लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली तिचं नाव. खुर्चीतून उठताना कार्ड काढायचं, असा नियम. वॉर्डात हे कोण पाळतं? तिथे सकाळी एकीचं कार्ड घातलं की दिवसभर सगळ्या त्यावरच लिहायच्या. सिवचा हात त्याच वळणाचा होता.

मंगळवारी बाहेर उणे एकतीस होतं. पाचला सुटायचं, म्हणून अडीच वाजून गेल्यावर सिव गाडीचं इंजिन तापवायची वायर जोडायला पार्किंगमध्ये गेली.

"जा गं, मी बघते तुझ्या खुर्चीकडे," मोना म्हणाली. सिवच्या खुर्चीमागे रेडिएटर होता. मोना येताजाता तिथे पाठ शेकायला टेकायची.

सिव दहा मिनिटांत परत आली. मोना आपल्या जागेवर होती.

"काही आलं होतं का?"

"नाही गं. शांत आहे सगळं."

कार्ड आतच राहिलं होतं. सिवने कानाला हेडफोन लावला आणि पुढचा फोन घेतला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी... दोन वाजून चाळीस मिनिटांनी तिचा दिवा लागला.

"सल्ला केंद्र, मी सिव. बोल, काय होतंय?"

पलीकडे कोणी बोललं नाही.

लाइन मात्र चालू होती. दूर कुठेतरी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येत होती.

"ऐकू येतंय का तुला?"

मग आलं...

श्शुप्.

ओठांचा चंबू करून झटकन आत ओढलेला श्वास. आमच्याकडे हा होकार असतो. दक्षिणेकडचे लोक हसतात, दचकतात. पण आमच्या जंगलातल्या म्हाताऱ्यांना तोंडाने "हो" म्हणायला लावणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. श्वास आत घेतला, काम झालं.

आणि हा श्वास सिवच्या ओळखीचा होता. शेवटी एक बारीक शीळ.

"एव्हर्ट? एव्हर्ट नोरमार्क? आपल्या वॉर्डात खुबा मोडून आला होतास तो?"

श्शुप्.

तिला बरं वाटलं. दीड महिना तिने या म्हाताऱ्याला चालायला शिकवलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एकटा, हट्टी. तिच्या अंबाड्याला तो पावाची गुंडाळी म्हणायचा.

"छातीत दुखतंय?"

श्शुप्.

"घरात एकटाच आहेस?"

श्शुप्.

बोलता बोलता तिने त्याची नोंद उघडली.

कालची नोंद होती. मंगळवार, दोन चाळीस. 'बर्फ उपसल्याने छाती व जबडा दुखतो. स्नायूंचं दुखणं. गोळी घेऊन आराम. उद्यापर्यंत वाट बघावी.'

खाली नाव... सिव हेडलुंड.

तिने दोनदा वाचलं. छाती आणि जबडा दोन्ही दुखतंय म्हटल्यावर शिकाऊ पोरगीसुद्धा रुग्णवाहिका पाठवेल! तिने एका हाताने ती पाठवायचं बटण दाबलं.

"एव्हर्ट, गाडी निघाली. काल तू माझ्याशी बोललास का रे?"

नुसती घड्याळाची टिकटिक. म्हणजे नाही.

"दुसरी कुणी होती?"

श्शुप्.

तिने मान वळवली. मोना खिडकीजवळ कोणालातरी पोराच्या तापाबद्दल समजावत होती. अगदी प्रेमाने.

परत कानात लक्ष दिलं तेव्हा लाइन बंद होती.

पन्नास मिनिटांनी रुग्णवाहिकेतल्या माणसाचा फोन आला.

"सिव, तू कोणाशी बोललीस?"

"एव्हर्टशी. का? कसा आहे तो?"



"तो खुर्चीत बसलाय. थंडगार पडलाय गं. कालच गेलाय."

फोन जागच्या जागी ठेवलेला होता. शेजारी गोळीचं रिकामं पाकीट आणि पाण्याचा पेला. सांगितलं होतं तसं त्याने केलं होतं. वाट बघितली होती.

पुढचे चार दिवस सिवला झोप नाही.

चौकशी लागली. तेव्हा आमच्याकडचे फोन रेकॉर्ड होत नसत. नर्सने लिहिलं तेच खरं. आणि लिहिलेल्याखाली सिवचं नाव होतं. नर्सचा परवाना जाणार, चोवीस वर्षं पाण्यात जाणार, आणि गावात लोक जन्मभर बोट दाखवणार, हीच ती.

बुधवारच्या फोनचं तर विचारूच नका. फोन कंपनीच्या यादीत एव्हर्टच्या घरून बुधवारी फोनच नव्हता. साहेब योरान तिच्यासमोर बसून कपाळ चोळत म्हणाला, "मंगळवारची चूक लक्षात आली, म्हणून बुधवारी फोन आल्याचं दाखवून तू गाडी पाठवलीस, असं लोक म्हणतील, सिव."

"मी पार्किंगमध्ये होते, योरान! मोनाला विचार. तिच्याच भरवशावर गेले होते."

योरानने विचारलं.

मोना म्हणाली, "सिव जागेवरच होती. निदान मला तरी तसंच आठवतंय."

सिवने तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं.

"मोना, माझ्याकडे बघ. तू बसली होतीस ना?"

"तुला आराम हवाय गं. कंबर, ही नवी नोकरी... झेपलं नाही तुला. त्यात लाजायचं काय?"

आणि तिने सिवच्या खांद्यावर हात ठेवला. वॉर्डात कोणी पेशंट गेला की ठेवायची, तसाच. सिव मला म्हणाली, परवाना जाईल याची भीती होतीच, पण त्या हाताने मी मेले. वीस वर्षं जिच्याबरोबर डबा वाटून खाल्ला, तिने केसाने गळा कापला, आणि वर थोपटतही होती.

सोमवारी योरानने दोघींना कॉफीच्या खोलीत बोलावलं. शेवटचं विचारून कागद वर पाठवायचा होता. टेबलावर कॉफीचा थर्मास, कप, आणि सिवचा हेडफोन. ती तो गळ्यातून काढायला विसरली होती, इथे बसल्यावर काढून ठेवला होता. वायरचं टोक टेबलावरून खाली लोंबत होतं. कशालाही जोडलेलं नव्हतं.

योरान म्हणाला, "मोना, एकदाच विचारतो. मंगळवारी सिवच्या खुर्चीत बसून तू फोन घेतलास का?"

"नाही."

तिचा आवाज जराही हलला नाही.

सिवने घड्याळाकडे बघितलं. का बघितलं, तिला माहीत नाही. दोन चाळीस.

आणि टेबलावरून...

श्शुप्.

बारीक शिळेसकट.

तिघांनीही ऐकलं. योरानच्या हातातला कप बशीवर वाजला. तो वाकून टेबलाखाली बघू लागला, मग वायरचं टोक हातात धरून नुसता बसून राहिला.

मोनाचा चेहरा पांढराफटक पडला. हेडफोनवरची नजर तिला हटवता येईना. तो जणू तिलाच काहीतरी विचारत होता.

"मी वाट बघ म्हटलं त्याला," ती पुटपुटली. "मागे तीन फोन थांबले होते. तो काही बोलतच नव्हता, नुसता श्वास घेत होता... माझ्या नावावर आधीच एक तक्रार आहे, योरान. मला वाटलं, सिव नवीन आहे, तिला सांभाळून घेतील."

"आणि नसतं घेतलं तर?" सिवने विचारलं.



सिवचा परवाना वाचला. मोनाने त्याच आठवड्यात काम सोडलं, पुढे गावही सोडलं. हेडफोनचं काय ते योरानने अहवालात लिहिलं नाही. कोण लिहील? पण त्या दिवसापासून तो दोन चाळीसला कॉफीच्या खोलीत बसत नाही.

सिव अजून तिथेच आहे. चांगली नर्स आहे ती, फोनवरचीही. उठताना कार्ड आधी खिशात घालते. कोणी नुसता श्वास घेतला तरी फोन ठेवत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी ती घरी एकटीच होती. कपाट आवरताना वॉर्डातला फोटो सापडला. ती आणि मोना, पांढऱ्या कपड्यांत, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून. मागे वॉकर धरून एव्हर्ट.

खोलीत कोणी नव्हतं. तरी तिने विचारलं.

"एव्हर्ट, तू इथे आहेस का रे?"

श्शुप्.

अगदी कानाशी.

आणि तिच्या तोंडून प्रश्न गेलाच. एवढी वर्षं तो आत अडकला होता.

"मोना कधीतरी खरंच माझी मैत्रीण होती का रे?"

तिने वाट बघितली. मिनिटभर... पाच मिनिटं. बाहेर अंधार पडला. तो श्वास यावा, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं.

काहीच आलं नाही.

कामावर ती दिवसभर लोकांना प्रश्न विचारते. घरी आल्यावर मात्र आता मांजरालासुद्धा काही विचारत नाही.