अर्धी जोडी

शिकारीच्या आदल्या रात्री डोंगरावरच्या खोपटात पोरं जमली होती. म्हाताऱ्या फार्करकाकांनी शेकोटीत लाकूड सरकवलं.

"ही गोष्ट आपल्या मर्डोची. गेल्या वर्षीच्या तीस नोव्हेंबरची."

"काका, किती ढोसली होती त्याने?" आयलाने टोमणा मारला.

"चहा. आता गप ऐक."

मर्डो या माळाचा रखवालदार. इथे मारलेले पक्षी जोडीजोडीनेच खुंटीला टांगतात, सुटा पक्षी हिशेबात धरत नाहीत. बायको, शोना, गेल्यापासून मर्डो स्वतःला 'अर्धी जोडी' म्हणायचा.

त्या दिवशी नव्या मालकाने त्याला वरच्या शिकारबंगल्यातलं चित्र आणायला पाठवलं. दीडशे वर्षांपूर्वी एका निसर्ग-अभ्यासकाने तिथे राहून काढलेलं. टार्मिगन, माथ्यावरचे, हिवाळ्यात पांढरे होणारे तितरासारखे पक्षी. मादी पूर्ण रंगवलेली, उन्हाळ्यातली तपकिरी. शेजारी नराची नुसती पेन्सिलरेघ. मादीला गोळी लागली होती, नर निसटला होता, म्हणून तो अर्धाच राहिलेला.

"जलरंग आहेत. थेंब पडला, तर घर रिकामं कर," मालकाने बजावलं होतं. त्या घरात शोनाची खुर्ची होती.

मर्डोने चित्र शोनाच्या शालीत गुंडाळलं आणि निघाला. चारलाच अंधारलं. बर्फ भुरभुरू लागला.

मागून घोगरा आवाज आला. टार्मिगन नर. पण तो काळोखात ओरडत नाही...

मर्डो थांबला. आवाज थांबला.

त्याने विजेरी मागे फिरवली. त्याच्या पावलांशेजारी ठसे. पिसांनी भरलेल्या पायांचे. एकाच पक्ष्याचे. बंगल्याकडून आलेले.

पुन्हा तोच आवाज. जवळ. अगदी पायाशी. तिथे काही नव्हतं.

पळावं... घर हाकेवर होतं. पण त्या घरात होतं कोण?

मर्डोने गुडघे टेकले. शाल उलगडली. बर्फ पडतच होता.

"ये बाबा," तो म्हणाला. "ती इथेच आहे."

...

मग काही नाही. नुसता बर्फ.

सकाळी मालकाने शाल सोडली. "यावर रंग कुणी फासला?"

पाण्याचा डाग कुठेच नव्हता. मादी तशीच, उन्हाळ्यातली. शेजारी नर. पिसन् पीस रंगवलेला. पांढराशुभ्र. हिवाळ्यातला.

खोपटात काकांनी शेकोटीत आणखी एक लाकूड सरकवलं.

"आणि मर्डो?" आयलाने हळूच विचारलं.

"घर राहिलं त्याचं. फक्त... रात्री दाराला कडी लावत नाही आता."