अर्ध्या तासाचं पाणी

प्रयोगशाळेच्या दारातच आमची टक्कर झाली. माझी वही पडली. त्याने मात्र हातातली पाण्याची बाटली छातीशी धरून वाचवली.

"वही उचलता येते," तो म्हणाला, "हे पाणी सांडलं तर माझी अख्खी सकाळ वाया."

असला आगाऊपणा मी एरवी खपवून घेत नाही. त्या दिवशी घेतला… का कोण जाणे. तो तळमजल्यावर प्रयोगांसाठी शुद्ध पाणी तयार करायचा. सगळे त्याला पाणीवालाच म्हणत. मग दर सोमवारी, गुरुवारी चारच्या आत तो धापा टाकत माझ्या दारात हजर.

"अभ्रकाचे दोन पातळ तुकडे," मी एकदा त्याला समजावलं, "वर तेलकट लेप. पाण्यात समोरासमोर आणले की न शिवताच एकमेकांना ओढतात. पण अगदी जवळ आल्यावर. माझे मात्र फार लांबूनच ओढतात."

"लांबूनही होतं तसं," तो बाटलीकडे बघत म्हणाला. माझे कान तापले.

माझ्या मार्गदर्शक मॅडम खूश होत्या. शुक्रवारी मी हा शोध विभागासमोर मांडणार होते. तो पटला, तर पुढची दोन वर्षं मला इथेच काम मिळणार होतं.

गुरुवारी, दुसऱ्या दिवसासाठी भिंतीवर लावलेला माझा तक्ता वाचताना त्याचा चेहरा उतरला. "पाण्यातली हवा पूर्ण काढलेली… हे खरं नाही."

"म्हणजे?"

"हवा काढायला पाणी पंपाखाली अर्धा तास ठेवावं लागतं. मी ते दहा मिनिटांतच बाहेर काढायचो. तुम्ही चारला निघता… उशीर झाला असता तर दार बंद दिसलं असतं."

पाण्यात उरलेल्या हवेचे बारीक बुडबुडे लेपावर बसत, समोरच्या बुडबुड्यांना चिकटत आणि तुकड्यांना जवळ खेचत. शोध कसला नि काय.

"वर्षभराच्या कामावर पाणी फिरवलंत," मी म्हणाले. मला रडू येत होतं. "नवं पाणी काढू या," म्हणत तो जिन्याकडे वळला.

आम्ही खाली गेलो आणि पंपाजवळ पुरा अर्धा तास बसलो. माझं स्टूल डगमगत होतं. त्याने स्वतःचं मला दिलं. तिथेच माझा निम्मा राग गेला. त्या पाण्यात तुकडे एकमेकांना लांबून ओढेनातच.

शुक्रवारी मी जुन्या आणि नव्या पाण्याचे दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले आणि चूक सांगून टाकली. मॅडमनी ते जवळ येऊन पाहिले. "छापल्यावर कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती," त्या म्हणाल्या. "राहा दोन वर्षं. आता बुडबुडेच मोज."

मी तडक तळमजला गाठला.

"अजून रागावला आहात?" त्याने विचारलं.

"हो. पण तू मला आवडतोस, त्याला काय करू?" मी म्हणाले. "घाई करून वर येऊ नकोस. सोमवारपासून मीच खाली येईन."

त्याने पंपाचं घड्याळ हातात घेतलं. "तासभर ठेवलं तर पाणी आणखी चांगलं होतं…"

"मग तासभर ठेव," म्हणत मी ते डगमगणारं स्टूल त्याच्याजवळ ओढलं.